तात्पुरती नोंदणी

उज्ज्वलाचं माहेर घोडेगावच्या वर, डिंभ्याच्या पाण्याच्या काठाला. धरण भरत आलं तेव्हा कोंढाळवाडीची निम्मी घरं खाली पूर्वेला, पुनर्वसनाच्या वस्तीवर गेली. उरलेल्यांनी आपले वासे, दारं, दळायची जाती खांद्यावर घेतली आणि ती डोंगरात वर सरकली. उज्ज्वलाचे वडील सावळेराम तळपे वर सरकलेल्यांतले. ती जन्मली वरच्या घरात, त्यामुळं जुनी वाडी तिनं कधी पाहिलीच नाही. पण घरात बोलणं निघालं की माणसं अजून ‘खालच्या विहिरीवर’, ‘खालच्या अंगणात’ असंच बोलायची. लहानपणी तिला वाटायचं, खाली आणखी एक घर आहे आणि मोठी माणसं आपल्याला तिकडं नेत नाहीत.

आश्रमशाळेत शिकून ती घोडेगावला बी.ए. झाली. लग्न झालं वारूळवाडीच्या गोकुळशी. त्याचेही आईवडील डोंगरातूनच खाली आलेले. तो टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारातून पिकअप गाडी चालवायचा, एरवी मिळेल ती भाडी मारायचा. स्वतः बारावीला सोडून दिलेलं, पण बायकोनं शिकावं ही हौस त्याचीच. जुन्नरला तिचं इतिहासाचं एम.ए. त्यानंच सुरू करून दिलं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर मुलगी झाली. ओली बाळंतीण पेपरला बसली, पास झाली, पण पंचावन्न टक्क्यांच्या थोडी अलीकडं थांबली.

त्या वेळी त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. पेढे वाटले. पंचावन्न म्हणजे काय ते पुढं कळलं.

नारायणगावच्या रस्त्यावर एका कॉलेजात तिला तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायचं काम मिळालं. ती शिकवायची जीव ओतून. तिथंच एका चर्चासत्राला डॉ. अंजना रणपिसे आल्या होत्या. बाई मूळच्या पिंपरी पेंढारच्या, बौद्ध कुटुंबातल्या, पुण्याला विद्यापीठात इतिहास शिकवायच्या. जेवणाच्या सुट्टीत उज्ज्वला त्यांच्याशी बोलता बोलता माहेरच्या पाण्याखालच्या वाडीबद्दल बोलली. बाईंनी ताट खाली ठेवलं.

“हे कुणी लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“नाही मॅडम. लिहिण्यासारखं काय आहे त्यात?”

“पाहिलेली माणसं आहेत अजून?”

“आहेत की. आमच्या बायडाआत्या आहेत, गेणभाऊ आहेत. बरीच आहेत.”

“मग वाट कसली बघतेस? पीएच.डी.ला बस. आणि प्रवेश होईल तेव्हा होईल, तू आधी त्या माणसांकडं जायला लाग.”

प्रवेशपरीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. अडलं ते टक्क्यांवर. सर्वसाधारण उमेदवाराला एम.ए.ला पंचावन्न लागत, आदिवासींना पाचाची सवलत होती. त्या सवलतीवर तिचा प्रवेश झाला, पण तात्पुरता. जात पडताळणीचं प्रमाणपत्र द्यायचं, पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करायचा आणि विषयाला समितीची मान्यता घ्यायची, मग नोंदणी कायम होणार. गोकुळनं बाजारात सगळ्यांना सांगितलं, आमच्या घरात डॉक्टर व्हनार. कुणी विचारलं कसली डॉक्टर, तर म्हणायचा, “गावांची.”

पडताळणीला चपला झिजल्या. सावळेरामांच्या वडिलांची शाळेतली नोंद कुठं सापडेना, कारण शाळाच पाण्यात गेलेली. शेवटी एका चुलत चुलत्याच्या दाखल्यावर प्रमाणपत्र निघालं. अभ्यासक्रमही पुरा झाला. मुलीला सासूकडं टाकून ती पहाटेच्या गाडीनं पुण्याला जायची, संध्याकाळी परत. दोन अटी झाल्या, तिसरी तेवढी राहिली.

मधल्या काळात तिनं माणसांकडं जायला सुरुवात केली होती. सुट्टीच्या दिवशी गोकुळ तिला मोटारसायकलवर घालून वर न्यायचा. तो झाडाखाली पडून राहायचा आणि ती मोबाईल चालू करून म्हाताऱ्या माणसांपुढं बसायची. पहिल्यांदा माणसं सरकारी कामाला आल्यासारखी बोलली. किती जमीन, किती आंबे, किती ढोरं. मग हळूहळू खरं बोलायला लागली.

एका मे महिन्यात पाणी लांब आत गेलं होतं. गेणभाऊ तिला घेऊन तळात उतरले. वय झालेलं, पण भेगाळलेल्या गाळातून ते आपल्याच अंगणात चालावं तसे चालत होते. घरांची जोती वर आली होती.

“हे धोंडूचं. हे आमचं. हितं उंबरा व्हता, तो मी काढून नेला. चूल नाय काढली. आई म्हनली, चूल राहू दे.”

“का हो?”

“काय म्हाईत. मीबी नाय इचारलं. लई गडबड व्हती.” त्यांनी पायानं जोत्यावरचा गाळ बाजूला केला. “आता वाटतं इचारायला पायजे व्हतं.”

बायडाबाईंनी दुसरीच गोष्ट सांगितली. नात्यानं त्या उज्ज्वलाच्या चुलत आत्या. ज्या पावसाळ्यात पाणी वाडीत शिरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, साहेब लोक येऊन सांगून गेले होते, त्या पावसाळ्यातही बायांनी खालच्या खाचरांत भात लावला. चिखलात वाकून, रांगेनं, नेहमीसारखा. आणि महिन्याभरात ते सगळं हिरवंगार पाण्याखाली गेलं.

“पण आत्या, माहीत असताना लावलं का?”

“रोप हाताला आलं व्हतं, पोरी. टाकून कसं देनार?”

उज्ज्वला घरी आली. गोकुळनं विचारलं काय झालं. तिला सांगता येईना. एवढं तिला कळलं की आपल्याला जे लिहायचंय ते हेच आहे.

समितीपुढं ती हेच घेऊन गेली. लांबलचक टेबलापलीकडं पाच माणसं. रणपिसे मॅडम बाजूला बसलेल्या. विभागप्रमुखांनी तिचा प्रस्ताव चाळला.

“साधनं काय?”

“मुलाखती, सर. मी आतापर्यंत बऱ्याच जणांच्या...”

“मुलाखती हे समाजशास्त्र झालं. इतिहासाला कागद लागतो. तुम्ही म्हणता बायकांनी भात लावला. पुरावा काय?”

“त्यांनी स्वतः लावलाय सर.”

“हे त्या म्हणतात.”

रणपिसे मॅडम मध्ये पडल्या. मौखिक इतिहास सगळीकडं मान्य आहे, त्यांनी दोनचार दाखले दिले. प्रमुखांनी ऐकून घेतलं आणि सुधारून आणा असा शेरा मारला. पुढच्या बैठकीला ती भूसंपादनाच्या निवाड्यांच्या प्रती घेऊन गेली. तेव्हा दुसरे एक सदस्य म्हणाले, हा काळ फारच अलीकडचा आहे, मागं न्या. तिनं काळ मागं नेला, ब्रिटिश अमदानीतल्या जंगलाच्या कायद्यांपासून सुरुवात केली. तेव्हा व्याप्ती फार झाली. दर बैठकीच्या मध्ये सहा सात महिने जायचे. परतीच्या गाडीत चाकण ओलांडलं की तिला सगळी उत्तरं सुचायची. खिडकीशी बसून ती ओठातल्या ओठात बोलायची, आणि शेजारची बाई जरा सरकून बसायची.

मग करोना आला. वर जाणं बंद झालं. वाड्यांनी रस्त्यावर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. म्हाताऱ्यांना बाहेरच्या माणसाकडून काही होऊ नये म्हणून तिनंही जायचा हट्ट केला नाही. दुसऱ्या लाटेत गेणभाऊ गेले. मंचरला दवाखान्यात नेलं होतं, तिथून परत आले नाहीत. आणखीही चारदोन गेली. तिच्या यादीत ज्यांच्याकडं ‘पुन्हा जाणे’ असं लिहिलं होतं, त्यांतलीच जास्त.

सगळं उघडलं तेव्हा, शेवटच्या सुधारलेल्या प्रस्तावावर, विषय मंजूर झाल्याचं पत्र आलं. ती पत्र घेऊन रणपिसे मॅडमना भेटायला गेली. बाई घरी पेट्या भरत होत्या. त्या निवृत्त झाल्या होत्या आणि लेकीकडं नागपूरला निघाल्या होत्या.

“नियम बदललाय उज्ज्वला. निवृत्तीनंतर मला विद्यार्थी ठेवता येत नाही. कायम नोंदणी असती तर सहमार्गदर्शक घेऊन निभावलं असतं. तुझी तात्पुरती आहे.”

“आता विषय मंजूर झालाय ना मॅडम.”

“झालाय. आता दुसरा मार्गदर्शक शोध. मी फोन करते सगळ्यांना.”

त्यांनी खरोखर केले. उज्ज्वला पुण्यात, संगमनेरला, नगरला जाऊन आली. बहुतेकांच्या जागा भरलेल्या होत्या. एक प्राध्यापक भले होते, त्यांनी चहा दिला, प्रस्ताव वाचला, आवडलाही.

“घेतलं असतं तुम्हाला,” ते म्हणाले, “पण तात्पुरत्या नोंदणीचा विद्यार्थी आम्हाला बदलीवर घेता येत नाही. आधी कायम करून घ्या.”

ती विभागात गेली. कारकून ज्ञानेश्वर तिला आता चांगला ओळखत होता. त्यानं संगणकात बघितलं.

“ताई, मार्गदर्शकाची सही असल्याशिवाय कायम होत नाही.”

“आणि कायम झाल्याशिवाय मार्गदर्शक मिळत नाही.”

“हो, तसं आहे खरं.”

“मग माणसानं करायचं काय?”

ज्ञानेश्वरनं इकडं तिकडं पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. “अर्ज करून ठेवा,” तो म्हणाला.

तिनं अर्ज केले. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचा असतो, तो मार्गदर्शकाच्या सहीनं. सही करणारं कुणी नव्हतं. तिनं बिनसहीचा पाठवला, तो परत आला. पुढच्या वेळी पुन्हा तेच झालं. त्यानंतर एका दुपारी ती वर्गावर जायला निघाली होती तेव्हा ज्ञानेश्वरचा फोन आला.

“ताई, तुमचं नाव निष्क्रिय दाखवतंय. नोंदणी रद्द झाली. पत्र येईलच, पण म्हटलं आधी सांगावं.”

“म्हणजे आता?”

“पुन्हा परीक्षा द्यायची, पुन्हा पहिल्यापासून. अभ्यासक्रम, विषय, सगळं.”

ती वर्गात गेली. फळ्यावर तारीख लिहिली. त्या दिवशी तिनं काय शिकवलं ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

पुढच्या जूनमध्ये कॉलेजनं तिच्या जागी सेटची परीक्षा पास झालेली एक मुलगी घेतली. प्राचार्य म्हणाले, “तुमचं पीएच.डी. चालू आहे म्हणून आम्ही इतके दिवस चालवून घेतलं. आता तपासणीला काय दाखवायचं?” त्यात खोटं काही नव्हतं. उज्ज्वलानं कपाट रिकामं केलं आणि पायीच वारूळवाडीला आली. गोकुळ गाडी धूत होता. तिच्या हातातल्या पिशव्या बघून त्यानं पाणी बंद केलं.

“पुन्हा बस परीक्षेला,” तो म्हणाला. “मी हाय की.”

“नाही बसणार.”

“अगं, तू पास व्हशील.”

“पास होईन रे. मग? पुन्हा त्याच टेबलासमोर जाऊन सांगू, बायांनी भात लावला म्हणून? ज्यांच्याकडं परत जायचं होतं ती माणसं मेली, गोकुळ.”

त्यानं नळ पुन्हा सोडला.

ती टोमॅटोच्या रोपवाटिकेत कामाला लागली. ट्रेमध्ये कोकोपीट भरायचं, बी टाकायचं, रोपं मोजून क्रेटात लावायची. तिथल्या मुकादम बाईनं पहिल्या दिवशी विचारलं, शिक्षण किती? उज्ज्वला म्हणाली, “बारावी.” खरं सांगितलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. बायका आपसांत बोलायच्या तेव्हा ती ऐकायची, पण आता तिचा हात मोबाईलकडं जात नसे.

वर्षभरानं एका मुलीचा फोन आला. तेजस्विनी नावाची, पुण्याची, त्याच विभागात संशोधन करत होती. विषय धरणांचाच, पण सगळ्या जिल्ह्याचा. नोंदणी कायम, शिष्यवृत्ती मिळालेली. कुठून तरी तिला कळलं होतं की उज्ज्वलाकडं मुलाखती आहेत. ती वारूळवाडीला घरी आली. येताना केळी घेऊन आली होती. साधी, हुशार मुलगी. उज्ज्वलाला तिचा राग करायचा होता, पण जमेना.

“ताई, मी वर जाऊन आले,” तेजस्विनी म्हणाली. “पण फार कमी माणसं उरलीत. आणि जी आहेत ती म्हणतात, आमचं सगळं उज्ज्वलाला सांगून झालंय.”

उज्ज्वलानं केळी उचलून आत नेऊन ठेवली.

तेजस्विनी मुलाखती मागून गेल्यावर गोकुळ भडकला. इतक्या वर्षांत तो तिच्यावर कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता.

“द्यायच्या नाय त्या. मी उन्हात झाडाखाली पडून राहायचो ते हिच्यासाठी व्हय? तू दिलंस तर तुझं काय राहिलं?”

“माझं काय होतं त्यात? त्या लोकांचं आहे. माझ्या मोबाईलमध्ये ठेवून काय करू? पुन्हा पाण्यातच गेल्यासारखं आहे ते.”

“मग तू लिही. पुस्तक काढ.”

“बसते रे लिहायला. रोज बसते.” तिचा आवाज खाली गेला. “एक ओळ लिहिली की कुणीतरी विचारतं, पुरावा काय. डोक्यातच विचारतं. मला नाही लिहिता येत आता.”

तिनं मुलाखती दिल्या. एकच अट घातली: प्रत्येक माणसाचं नाव यायला हवं, वाडीसकट. तेजस्विनीनं मनापासून कबूल केलं. त्यात लबाडी नव्हती, हे उज्ज्वला आजही मान्य करते. पण प्रबंध जमा करताना विद्यापीठाच्या नीतिविषयक समितीनं हरकत काढली. मुलाखत दिलेल्या व्यक्तींच्या सह्यांची संमतिपत्रं नव्हती. ज्यांनी द्यायची त्यांतले पुष्कळ हयात नव्हते. तेव्हा सगळी नावं काढून क्रमांक घालावेत. तेजस्विनी भांडली. मुदत संपत आली होती आणि मुदत संपली तर काय होतं, हे उज्ज्वलाकडं पाहिल्यावर तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. फोनवर ती रडली. उज्ज्वलानंच तिची समजूत घातली.

प्रबंधाची प्रत आली. जाडजूड, सोनेरी अक्षरांची. आभारांच्या पानावर ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांनंतर तिचं नाव होतं. भाताची गोष्ट चौथ्या प्रकरणात सापडली. ‘विस्थापनाच्या वर्षीही काही कुटुंबांनी भातलागवड केल्याचे एका माहितीदात्रीने (क्र. ७) सांगितले.’ एवढंच. तेजस्विनीनं वाक्य बरोबर लिहिलं होतं, त्यात चूक काढायला जागा नव्हती.

बायडाबाई अजून होत्या. डोळ्यांनी दिसायचं जवळजवळ बंद झालेलं. उज्ज्वला प्रत घेऊन वर गेली, कारण न जाणं जास्त वाईट झालं असतं. बायडाबाई दारात घोंगडीवर बसल्या होत्या. आवाजावरून त्यांनी ओळखलं.

“झालं का गं तुजं शिक्षण?”

“माझं नाही झालं, आत्या. दुसऱ्या एका मुलीचं झालं. तिनं लिहिलंय आपलं.”

“बरं केलं. कुनी का लिवंना. वाच.”

उज्ज्वलानं ते वाक्य वाचलं. बायडाबाईंना ते कळलं नाही. तिनं साध्या भाषेत सांगितलं. बायडाबाई थांबल्या, पुढं आणखी येईल म्हणून. पुढं काही नव्हतं.

“येवढंच?”

“एवढंच.”

“आन मी सांगितलं म्हून लिवलंय का?”

खोटं बोलायची एवढी सोपी संधी पुन्हा आली नसती. बायडाबाईंना अक्षर दिसत नव्हतं.

“नाव नाही, आत्या. नंबर आहे. सात नंबर.”

बायडाबाईंनी मान हलवली. “धरनाच्या टायमालाबी नंबरच दिला व्हता. भितीवर चुन्यानं लिवून गेले व्हते.” मग त्यांनी सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला, आणि उज्ज्वलाच्या पोरीची चौकशी केली, ती कितवीत आहे, अंगानं कशी आहे. मुलाखतींचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. उज्ज्वलाला वाटत होतं त्यांनी काढावा. रागवावं, विचारावं, आम्ही एवढं बोललो ते कुठं गेलं म्हणून. त्या चहा फुंकून पीत राहिल्या.

निघताना तिनं पाया पडून प्रत तिथंच ठेवू का विचारलं. बायडाबाई म्हणाल्या, “घिऊन जा. हितं वाळवी लागंल.”

गोकुळ खाली रस्त्यावर गाडी लावून थांबला होता. तिनं प्रत सीटच्या मागं टाकली.  घोडेगावात त्यानं विचारलं, काही खायचं का, ती नको म्हणाली.

त्यानंतर दिवाळीला त्यानं माहेरी सोडतो म्हटलं, तेव्हा ती जाऊ म्हणाली आणि गेली नाही. संक्रांतीलाही नाही. रोपवाटिकेत आता तिला मुकादम बाईच्या हाताखाली घेतलंय, बायांची हजेरी ती बघते. मुलगी इतिहासाच्या धड्यातलं काही विचारायला आली तर ती सांगते, पुस्तकात आहे तेवढं.